सातचा भोंगा

साधनांच्या आगमनाचा इतिहास लिहिणे सोपे असते. आगगाडी कोणत्या दिवशी धावली, विजेचा दिवा कोठे लागला, दूरचित्रवाणीचे पहिले चित्र केव्हा उमटले, यांच्या तारखा सापडतात आणि त्यांच्या शताब्द्याही साजऱ्या होतात. मात्र हाती असलेले साधन माणसांनी समजून-उमजून काही काळ बाजूला ठेवले, तर त्याची नोंद इतिहासकार क्वचितच करतात. अशीच एक तारीख प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे.

१४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाची सभा भरली. गाव सुमारे ३ हजार वस्तीचे. शेतकऱ्यांचे आणि साखर कारखान्यांत राबणाऱ्यांचे. सभेत असे ठरले, की रोज संध्याकाळी सात वाजता गावात भोंगा वाजेल. तो वाजला की घराघरांतील दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद होतील. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा होईल, तेव्हा ज्याला हवे त्याने ते सुरू करावेत. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, घरच्यांनी एकमेकांशी बोलावे. दुसऱ्याच दिवसापासून भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला.

ही बातमी देशभर गेली, परदेशी वार्ताहरांनीही ती आपल्या वाचकांना कळविली. अनेकांनी कौतुक केले. काहींना मौज वाटली. परंतु या घटनेत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो गंभीर आहे. पडदा बंद करण्याचे बटण प्रत्येकाच्या हाती असते. ते दाबायला ना पैसे लागतात, ना बळ. असे असताना एका गावाला त्यासाठी सभा बोलवावी लागली, ठराव करावा लागला, देवळावर भोंगा चढवावा लागला. जे प्रत्येकाला एकट्याने सहज करता येण्यासारखे आहे, ते सर्वांना मिळून का करावे लागले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गेल्या ६५-७० वर्षांचा मागोवा घ्यावा लागतो.

पडदा स्वतःच मिटत असे

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. तो आजच्या वाचकाला ओळखू येणार नाही इतका लहान होता. आठवड्यातून दोनदा, थोडा वेळ कार्यक्रम होत, आणि दिल्ली व परिसरातील मंडळांत ठेवलेल्या सामुदायिक संचांवर लोक एकत्र बसून ते पाहत. रोजचे प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ साल उजाडावे लागले. दुसरे केंद्र मुंबईचे. ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले. पुढल्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यापर्यंत पोहोचले.

त्या काळातील संध्याकाळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना तिची घडण आठवत असेल. प्रक्षेपण संध्याकाळी सुरू होई आणि रात्री संपे. 'आमची माती, आमची माणसं', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' असे कार्यक्रम आपापल्या वारी आणि आपापल्या वेळी येत. मध्येच चित्र थरथरे आणि 'व्यत्यय' ही पाटी झळके. संच आळीत एखाद्याच घरी असे. त्या घरच्या ओट्यावर, खिडकीशी, दारात मुलांची दाटी होई. कार्यक्रम संपला की यजमान संचाचे लाकडी दार सरकवून बंद करीत आणि मंडळी चपला शोधीत घरोघर जात. पाहणे किती आणि केव्हा, हे पाहणाऱ्याला ठरवावेच लागत नसे. केंद्र ते ठरवी, शेजारी ते ठरवी आणि पुष्कळदा वीज मंडळही ते ठरवी.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने एक मोठा प्रयोग केला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक संच ठेवण्यात आले. सकाळी दीड तास शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास गावासाठी, असे कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, शिक्षण हे त्यांचे विषय. ज्यांनी हा प्रयोग आखला, त्यांच्या मनात पडदा ही गावाच्या चावडीसारखी वस्तू होती. तिथे जायचे, ऐकायचे, पाहायचे आणि परत यायचे.

तेव्हाच्या माणसांना आपण संयमी म्हणू लागलो, तर ते इतिहासाला धरून होणार नाही. मर्यादा होती, परंतु ती परिस्थितीने घातलेली होती. ती पाळण्यात कोणाचा गुण नव्हता. गुणाची परीक्षा पुढे यायची होती.

दोन दूरची उदाहरणे

परिस्थितीने नव्हे, तर समाजाने जाणीवपूर्वक मर्यादा घातल्याची उदाहरणेही याच काळात आढळतात. त्यांपैकी दोन येथे सांगण्याजोगी आहेत. ही मर्यादा कशी टिकते आणि कशी मोडते, हे दोन्ही त्यांतून समजते.

पहिले ब्रिटनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर बीबीसीची दूरचित्रवाणी संध्याकाळी सहा ते सात या वेळात काहीही दाखवीत नसे. लहान मुलांचे कार्यक्रम सहाला संपत आणि मोठ्यांचे सातला सुरू होत. मधला तास कोरा. आईबापांनी त्या वेळात मुलांना जेवू घालावे, निजवावे, हा हेतू. लोक त्याला गमतीने 'तान्ह्यांचा तह' म्हणत. २२ सप्टेंबर १९५५ रोजी जाहिरातींवर चालणारी खासगी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि या तहाला तडा गेला. बीबीसीचे पोट परवाना शुल्कावर भरे. कोरा तास तिला महाग पडत नव्हता. खासगी कंपन्यांचा मात्र रोज एका तासाच्या जाहिरातींचा पैसा बुडत होता. त्यांनी सरकारकडे धरणे धरले. त्या वेळचे पोस्टमास्तर जनरल चार्ल्स हिल यांनी संसदेत अशी भूमिका मांडली, की मुलांना वेळेवर निजविणे हे पालकांचे काम आहे, सरकारचे नव्हे. १६ फेब्रुवारी १९५७ पासून तो तास भरून निघाला. त्यानंतरही प्रक्षेपणाच्या एकंदर तासांवर सरकारी बंधन होतेच. ते १९७२ साली उठले.

हिल यांचे म्हणणे ऐकायला बिनतोड आहे. मुलांची जबाबदारी पालकांचीच, हे कोण नाकारील? परंतु ते कोणत्या क्षणी मांडले गेले, ते पाहिले पाहिजे. सर्वांनी मिळून पाळलेला तास जाहिरातीच्या उत्पन्नासाठी काढून घेतला गेला आणि त्याच क्षणी प्रत्येक घराला सांगण्यात आले, की आता हे तुमचे तुम्ही पाहा. तोवर सहाला संच बंद करताना कोणा आईला मुलाशी वाद घालावा लागत नव्हता, कारण साऱ्या देशातले संच त्या वेळी कोरेच असत. त्या दिवसापासून तिला एकटीला पडद्याशी झुंजावे लागले. पुढे जगभर जे घडणार होते, त्याची ही नांदी होती.

दुसरे उदाहरण आइसलँडचे. त्या लहानशा देशाची राष्ट्रीय दूरचित्रवाणी ३० सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. तिने गुरुवार हा सुटीचा वार ठेवला. दर गुरुवारी प्रक्षेपण बंद. पुढे जुलै महिनाभरही ते बंद राहू लागले. कर्मचाऱ्यांना विश्रांती मिळावी, ही सोय त्यात होतीच. परंतु लोकांना गुरुवारची सवय झाली. त्या संध्याकाळी पाहुण्यांकडे जावे, सभा-संमेलने भरवावीत, असा रिवाजच पडला. जुलैची सुटी १९८३ साली संपली. १९८६ च्या ऑक्टोबरात खासगी वाहिनी आली. तिला गुरुवारशी काही देणेघेणे नव्हते. स्पर्धेपुढे राष्ट्रीय वाहिनीही नमली आणि १ ऑक्टोबर १९८७ पासून गुरुवार इतर वारांसारखाच झाला.

या दोन्ही कथांचा सांधा एकच आहे. मर्यादा मोडली, ती लोकांना नको होती म्हणून नव्हे. ती पाळण्यात ज्यांचे नुकसान होते, असा एक नवा भिडू मैदानात उतरला म्हणून ती मोडली. सामायिक नियमाचे असेच असते. सगळे पाळतात तोवर तो हलका वाटतो. एकाने मोडला की उरलेल्यांना तो जड होतो.

बांध एकेक करून फुटले

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. १९८२ हे वर्ष आपल्या दूरचित्रवाणीच्या इतिहासात मैलाचा दगड ठरले. त्या वर्षी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चित्रांत रंग आले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' ही मालिका सुरू झाली आणि दररोजच्या जेवणाच्या वेळा मालिकेच्या वेळेशी जुळवून घेण्याची नवी रीत घरांत शिरली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले, तेव्हा रस्ते ओस पडत, हे सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी सकाळचे प्रक्षेपणही सुरू झाले. संध्याकाळपुरता असलेला पडदा आता दिवसात शिरला होता.

तरीही या टप्प्यावर पाहणे ही सार्वजनिक क्रिया होती. 'रामायण' एकट्याने कोणी पाहत नसे. १९९१ नंतर मात्र उपग्रह वाहिन्या आल्या, गच्च्यांवर तबकड्या उभ्या राहिल्या, इमारतींच्या अंगावरून केबलच्या तारा लोंबू लागल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी वाहिनी सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठीच्या रूपाने खासगी मराठी वाहिनीही घरात आली. प्रक्षेपण संपण्याची वेळ नावाची गोष्टच उरली नाही. पहिला बांध, वेळेचा, असा फुटला.

दुसरा बांध जागेचा होता. संच दिवाणखान्यात असे आणि त्याच्या भोवती घर बसे. कोणते कार्यक्रम पाहावेत यावरून भांडणेही होत. ३१ जुलै १९९५ रोजी भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. त्या वेळी मोबाइल ही श्रीमंतांची मिजास होती आणि इंटरनेट काही थोड्यांचे कुतूहल. या दोन गोष्टी एकत्र येऊन पडदा खिशात शिरेल, असे तेव्हा फारच थोड्यांच्या मनात आले असेल. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. आरंभी डेटा फुकटच होता, नंतरही तो इतका स्वस्त राहिला, की तिसरा बांध, खर्चाचा, तोही वाहून गेला. घरातल्या प्रत्येकाला स्वतःचा पडदा मिळाला आणि वाहिनीवरून होणारी भांडणे मिटली. त्यांच्या जागी आली ती शांतता. एकाच खोलीत चौघे बसलेले आणि चौघे चार ठिकाणी.

चौथा बांध सर्वांत सूक्ष्म होता. पुस्तकाला शेवटचे पान असते, वर्तमानपत्राची पाने संपतात, चित्रपटाला मध्यंतर असते. वाचणाऱ्याला वा पाहणाऱ्याला तिथे आपसूक विसावा मिळतो आणि 'आता पुरे' असे म्हणता येते. २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन संगणक-रचनाकाराने अशी एक युक्ती काढली, की पडद्यावरचे पान बोटाने सरकवीत गेले तर ते कधी संपतच नाही. खालून नवा मजकूर येतच राहतो. लोकांचा एक क्लिक वाचावा, एवढाच त्याचा उद्देश होता. पुढे या युक्तीचा जो उपयोग झाला, त्याबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. नेटफ्लिक्स या कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली सांगून टाकले, की त्यांची खरी स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे. ब्रिटनमधील खासगी कंपन्यांना १९५७ साली दिवसाचा एक तास हवा होता. ६० वर्षांनंतरच्या कंपन्यांची नजर रात्रीवर होती.

मग २०२० चा मार्च आला. शाळा बंद झाल्या, टाळेबंदी लागली आणि ज्या वस्तूपासून मुलांना दूर ठेवण्याची आईबापांची धडपड होती, तीच वस्तू शिक्षकांनी आणि आईबापांनी मुलांच्या हाती दिली. दुसरा इलाज नव्हता. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण मोबाइल हातातून सुटला नाही. मोहित्यांच्या वडगावच्या शिक्षकांना आणि पालकांना जे दिसले ते हेच. मुले शाळेतून येत, मोबाइल घेऊन बसत. आणि आईबाप तरी काय सांगणार? तेही आपापल्या पडद्यात असत.

घरापुरता उपाय

या साऱ्या काळात विचारी माणसे गप्प होती, असे नाही. आपल्या ख्रिस्तसभेपुरते बोलायचे, तर १९९४ सालच्या जागतिक समाजसंपर्क दिनाचा संदेश पोप जॉन पॉल दुसरे यांनी नेमका 'दूरचित्रवाणी आणि कुटुंब' या विषयावर दिला होता. त्यात त्यांनी दूरचित्रवाणीला सैतान ठरविले नाही. ती कुटुंबाला समृद्ध करू शकते आणि त्याची हानीही करू शकते, असे त्यांनी म्हटले. मुलांना पाहण्याची सवय लावताना कधीकधी संच सरळ बंद करावा लागतो, हेही त्यांनी स्पष्ट केले. कारण त्याहून चांगले काही करण्याजोगे असते, किंवा घरातल्या इतरांचा विचार करणे भाग असते. त्यानंतर २५ वर्षांनी, २९ डिसेंबर २०१९ रोजी, पवित्र कुटुंबाच्या सणादिवशी पोप फ्रान्सिस यांनी जेवणाच्या टेबलाभोवती बसून आपापल्या मोबाइलशी बोलणाऱ्या घराचे चित्र रंगविले. त्या टेबलावर मिस्सेच्या वेळी असावी तशी शांतता असते, पण कोणी कोणाशी संवाद करीत नाही, अशा आशयाचे ते बोलले. वैद्यकाच्या बाजूने जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी, एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको, असे सुचविले.

हे सारे उपदेश योग्यच होते. परंतु त्यांचा पत्ता घराचा होता. एकेका घराने एकेकट्याने करावयाची ती गोष्ट होती आणि येथेच तिची ताकद अपुरी पडते. एका घराने संच बंद केला, तर मूल शेजाऱ्याकडे जाते. एका मुलाला मोबाइल दिला नाही, तर वर्गात तो एकटा पडतो. मित्रांचे बोलणे, शाळेचे निरोप, खेळाचे बेत सारे त्याच पडद्यावर ठरत असतात. एकट्या बापाने रात्री मोबाइल बाजूला ठेवला, तर कचेरीतून आलेला निरोप त्याला सकाळी नडतो. पडद्याच्या मागे हजारो तज्ज्ञांची बुद्धी आणि अफाट पैसा उभा आहे आणि पडद्यासमोर एक दमलेली आई. हा सामना बरोबरीचा नाही. त्यात ती हरली, तर तिला दुर्बल म्हणणे अन्यायाचे आहे.

वडगावने काय केले

आता मोहित्यांच्या वडगावकडे नव्याने पाहता येईल. सरपंच विजय मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार मांडला, तेव्हा पुरुषमंडळींनी प्रथम तो हसण्यावारी नेला. मग पंचायतीने गावातल्या स्त्रियांना एकत्र केले. आपण मालिका फार पाहतो, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि रोज काही वेळ बंद ठेवण्याला मान्यता दिली. त्यानंतर गावसभा झाली. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि शिक्षक घरोघर फिरले. आधी समजावणी, मग ठराव आणि शेवटी भोंगा, असा हा क्रम आहे. भोंगा शेवटी आला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट, नियम लहान होता. दीड तास. उरलेले साडेबावीस तास गावाने कोणाला काही विचारले नाही. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की नियम सर्वांना होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी या गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्यामागची कळकळ खरीच होती. तरी मुलांपुरता नियम करणे आणि आपणही त्या नियमात बसणे, यांत अंतर आहे. वडगावात बापाने मालिका किंवा बातम्या बंद केल्या आणि मग मुलाला अभ्यासाला बसविले. मुलांना हे अंतर ताबडतोब कळते.

वडगावची वाट पुढे इतरांनीही धरली. सांगली जिल्ह्यातील अग्रण धुळगावने तसाच नेम केला. त्यापासून स्फूर्ती घेऊन डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावाने संध्याकाळी सात ते नऊ असा भोंगा सुरू केला. दूर आयर्लंडमध्ये ग्रेस्टोन्स या गावी २०२३ साली ८ प्राथमिक शाळांच्या पालकांनी मिळून असा करार केला, की मुले माध्यमिक शाळेत जाईपर्यंत त्यांना स्मार्टफोन घेऊन द्यायचा नाही. कायद्याची सक्ती नव्हती. आपल्याच मुलाकडे फोन नाही, ही मुलाची तक्रार मात्र त्यामुळे उरली नाही. जपानमधील तोयोआके शहराने १ ऑक्टोबर २०२५ पासून, कामाव्यतिरिक्तचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला २ तासांपुरता ठेवावा, असा नियम केला आणि त्यासाठी कोणताही दंड ठेवला नाही. ऑस्ट्रेलियाने निराळा मार्ग घेतला; तेथे १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याची जबाबदारी १० डिसेंबर २०२५ पासून कायद्याने थेट कंपन्यांवर टाकली. मार्ग वेगवेगळे आहेत, पण त्यांतली जाण एक आहे. १९५७ साली जे 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणून घरावर सोडून दिले गेले, ते पुन्हा समाजाने आपल्याकडे घ्यावे, याची ती सुरुवात आहे.

भोंगा आपल्याला नवा नाही

मराठी माणसाला ठरलेल्या वेळेचा आवाज परका नाही. गिरणगावचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उगवत असे. पुष्कळ गावांत नगरपालिकेच्या भोंग्यावर लोक घड्याळे लावीत. दिवेलागणीला घरोघर सांजवात आणि परवचा होई. वसई आणि उत्तनच्या पट्ट्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली, की हातातले काम थांबवून जपमाळेला बसण्याची रीत होती. त्या घंटेने काय साधले, हे आता अधिक स्पष्ट दिसते. प्रार्थना तर होतीच. परंतु त्या वेळी साऱ्या वाडीत तीच प्रार्थना चालू आहे, हे प्रत्येक घराला ठाऊक असे. कोणालाही एकट्याने आठवण ठेवावी लागत नसे. गिरणीचा भोंगा मालकाच्या कामासाठी वाजे. वडगावचा भोंगा गावाने स्वतःच्या विसाव्यासाठी वाजविला, एवढा फरक ध्यानात घेतला, तर तो या जुन्या आवाजांच्याच कुळातला ठरतो.

यावर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नव्हे काय, असे कोणी विचारील. सक्ती झाली तर तो घाला ठरेलही. म्हणूनच समजावणी आधी आणि ठराव नंतर, हा क्रम मोलाचा आहे. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. आपल्या कितीतरी घरांतील मुलगा आखातात किंवा बोटीवर असतो. त्याला सुटका मिळते तीच नेमकी आपली संध्याकाळ असू शकते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना २०२० पासून पडद्यावरची मिस्सा हाच आधार वाटू लागला आहे. एकट्या राहणाऱ्या विधवेला मालिकेतली माणसे सोबत करतात. त्यांना 'बंद करा' म्हणणाऱ्याने तो दीड तास त्यांच्याजवळ जाऊन बसण्याची तयारी ठेवली पाहिजे. तेवढी तयारी नसेल, तर त्यांना काही सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. रिकामा केलेला वेळ कशाने भरायचा, याचे उत्तर आधी हवे. वडगावने त्यासाठी अभ्यास, वाचन आणि गप्पा नेमून दिल्या होत्या.

तिसरा आक्षेप शहरातून येतो. खेड्यात ग्रामसभा असते, आमच्या इमारतीत काय आहे? इमारतीत गृहनिर्माण संस्था आहे, वाडीत छोटे ख्रिस्ती समूह आहेत, शाळेत पालक-शिक्षक संघ आहे. ग्रेस्टोन्सच्या पालकांनी शाळेच्या आधारानेच आपला करार केला. एकाच जिन्यावरच्या चार घरांनी मिळून ठरविले, तरी त्या चार घरांतील मुलांना सांगता येईल, की या वेळी शेजारीही बंद असते. तेवढे पुरते. मूल मर्यादेला फारसे भीत नाही. ते एकटे पडण्याला भिते. मोठ्यांचेही तसेच आहे.

तेव्हा ज्यांना हा विचार पटेल, त्यांनी आपल्या वाडीच्या किंवा इमारतीच्या पुढल्या बैठकीत तो विषय मांडावा. स्त्रियांचे म्हणणे आधी ऐकावे. वेळ थोडा आणि ठरलेला असावा. नियमात मोठ्यांनी प्रथम बसावे. ज्याचा मुलगा दूरदेशी आहे, त्याच्या फोनला सूट असावी. एकट्या माणसांच्या घरी त्या वेळात कोणी जायचे, त्याची यादी करावी. एक महिना करून पाहावे आणि मग पुन्हा बसून ठरवावे. घंटा, भोंगा किंवा शेजाऱ्याच्या दारावरची टकटक, काहीही चालेल. त्या आवाजाने एवढेच कळायला हवे, की आता पलीकडच्या घरातही पडदा मिटला आहे आणि तिथे माणसे बोलत बसली आहेत.